बिऱ्हाड

आईसाठी जिन्याला खुर्ची बसवली तेव्हा
बेचाळीसशे पौंड पडले.
एक बटण दाबलं की आई कोटासकट, पर्ससकट
निवांत वर जायची.
सात महिने गेली.
मग गेलीच.

खुर्ची जिन्याच्या पायथ्याशी थांबली,
कर्ज कार्डावर.

मी लानेथलीत चष्म्याच्या दुकानात काम करते.
तक्त्याची शेवटची ओळ वाचा, असं सांगते लोकांना,
आणि लोक अंदाजाने काहीतरी म्हणतात.
कार्डाच्या कागदावरही तशीच एक ओळ होती:
अठरा महिने शून्य टक्के,
नंतर चोवीस.
माझी नजर चांगली आहे. मी वाचली होती.
वाचून काय होतं?

बिऱ्हाड कधी हलवायचं ते ग्लेनिसने शिकवलं.
तिचं कर्ज आजवर पाच बँकांत राहून आलंय,
विंचवासारखं, पाठीवर सगळं घेऊन.
घाई केलीस, ती म्हणाली,
तर फुकट राहायचे महिने वाया,
आणि पागडी तर प्रत्येक घराची वेगळी,
शंभरामागे तीन.
रेंगाळलीस तर घरमालक दारात उभा.
नव्या बँकेला हो म्हणायला आठवडा लागतो,
कधी दोन, कधी त्यांचं पत्र शेजारच्या मिसेस प्रॉसरकडे पडतं.
म्हणून शेवटच्याच्या आधीच्या महिन्यात,
पहिल्या मंगळवारी.
मंगळवारच का?
सोमवारी कुणीच हो म्हणायच्या मनःस्थितीत नसतं.

चॅपलच्या कॅलेंडरवर मी लाल गोल केला.
आईच्या वाढदिवसाच्या खालचाच चौकोन होता.

मी चौतीसशे मागितले.
त्यांनी दोन हजारांपुरतीच जागा दिली,
पागडीसुद्धा त्यातच.
उरलेले चौदाशे-साडेचौदाशे जुन्या घरी राहिले
आणि महिन्याला एकोणतीस पौंड मागू लागले.
एका कर्जाच्या दोन चुली झाल्या,
भावाभावांच्या होतात तशा.
शून्याला फक्त घास भरवायचा, ग्लेनिस म्हणाली,
पण तारीख चुकवायची नाही,
एकदा चुकली की ते शून्य काढून घेतात.
पोटभर वाढायचं ते चोविसाला.
शनिवारी मी दुकान झाडलं, काचा पुसल्या,
एका हिवाळ्यात हीटर सातच्या आत लावला नाही,
चोविसाला वाढत राहिले.

मार्चमध्ये पॉन्टार्डुलाइसहून सेल्विन नावाचा माणूस आला.
त्याच्या सासऱ्याचे गुडघे गेले होते.
तीनशे दिले, मोजून,
आणि बारीकशा स्क्रू-ड्रायव्हरने
खुर्ची, रूळ, बटण, सगळं सोडवून नेलं.
जाताना म्हणाला, भोकं बुजवायला लाकडी भुसा घाला, सरसात कालवून.
मी अजून घातलेला नाही.

चोवीस टक्के संपले.
शून्याच्या घरात आता दोनशे साठ उरलेत,
आणि मुक्काम दोन महिन्यांचा.
अशात नवीन लखोटा आला:
वीस महिने शून्य.
हलव, ग्लेनिस म्हणाली, काय जातंय तुझं?
मी लखोट्याच्या पाठीवर हिशेब केला.
पागडी आठ पौंड.
किंवा एकशे तीस, दोनदा, आणि संपलं.
हलवायची योग्य वेळ कुठली,
तर ही नव्हे.
एवढं तर मलाही कळतं.

पण दर महिन्याच्या सोळाव्या दिवशी
आईमुळे माझ्याकडे एक कागद येतो.
तोही बंद झाला
तर तिच्या निमित्ताने या दारात
पोस्टमन कशाला थांबेल?

लखोटा फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.
शुक्रवार शेवटचा.
आठ पौंड काही फार नाहीत.

रात्री दिवे मालवून वर जाते
तेव्हा अजूनही कडेकडेने चढते,
खुर्चीला जागा सोडून.